मामांची सुरी महायुद्धातली आहे का?

प्रश्न : माझे मामा अनेक वर्षे अमेरिकेत होते. त्यांच्या पश्चात आमच्याकडे आलेल्या सामानात चामड्याच्या म्यानातली एक मोठी सुरी निघाली. पाते ७ इंचांचे असून टोकाजवळ पाठीकडून उतरत गेलेले आहे, मूठ चामड्याच्या चकत्यांची आहे. पात्याच्या बुडाशी एका बाजूला ‘का-बार’ आणि दुसऱ्या बाजूला ‘यूएसएमसी’ अशी अक्षरे आहेत. ती दुसऱ्या महायुद्धातली असल्याचे मामा सांगत. ते खरे असेल का? तिची किंमत काय येईल? पात्यावर थोडा गंज आहे, तो बफ मारून काढावा का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात घाई झाली तर बाकीच्या दोन प्रश्नांना फारसा अर्थ उरणार नाही. बफ मुळीच मारू नका. या सुऱ्यांच्या पात्यावर कारखान्यातच एक मंद, करडा-काळसर संरक्षक थर दिलेला असे आणि संग्राहक सर्वांत आधी तोच थर शाबूत आहे का हे पाहतात. चकाकणारे पाते दिसायला देखणे असते, पण जाणकार ग्राहक ते पाहताच किंमत खाली आणतो.

आपण वर्णन केलेली सुरी बोवी घाटाची आहे. हे नाव जेम्स बोवी या अमेरिकन माणसावरून पडले. १८२७ मध्ये मिसिसिपी नदीच्या काठी झालेल्या एका चकमकीमुळे तो आणि त्याची सुरी प्रसिद्ध झाली, आणि १८३६ मध्ये टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत तो मारला गेला. लष्करी रूप मात्र बरेच नंतरचे. अमेरिकेच्या मरीन कोअरने (म्हणजे सागरी सैन्यदलाने; ‘यूएसएमसी’ हे त्याचेच लघुरूप) ही सुरी १९४२ च्या अखेरीस स्वीकारली आणि कॅमिलस, युनियन कटलरी, रोबसन व पाल या कंपन्यांनी युद्धकाळात ती मोठ्या प्रमाणावर बनवली. ‘का-बार’ हे त्यांपैकी युनियन कटलरीचे व्यापारी नाव होय.

खरी अडचण अशी की, ही अक्षरे एकटी निकाल देत नाहीत. युद्ध संपल्यावर का-बारची ही सुरी बनणे थांबले. पुढे सैन्यासाठी ती प्रामुख्याने कॅमिलस बनवत राहिली. सत्तरच्या दशकात, मरीन कोअरच्या २०० व्या वर्धापनानिमित्त, का-बारने ती पुन्हा बाजारात आणली आणि आजही ती नवी विकत मिळते. त्या नव्या सुरीवरही हीच दोन नावे असतात. अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला ती दुकानातून सहज घेता आली असती, त्यामुळे मामांच्या सांगण्यावर अविश्वास न दाखवताही पुरावा पाहणे भाग आहे.

तो पुरावा मुठीच्या बुडाशी शोधावा. पात्याचे शेपूट, म्हणजे मुठीत शिरणारा त्याचा अरुंद भाग, मुठीतून आरपार जाऊन बुडाच्या धातूच्या चकतीबाहेर आले आहे आणि तिथे ठोकून पसरवले आहे का, की चकतीच्या कडेतून आडवी पिन घातली आहे, हे भिंगाखाली पाहा. ठोकलेले शेपूट युद्धकाळाकडे बोट दाखवते. पिन असली तर नंतरच्या उत्पादनाची शक्यता वाढते, मात्र पिन युद्धकाळातही काही ठिकाणी वापरली गेली असल्याने तेवढ्यावरून सुरी बाद करू नये. पात्यावर ‘१२१७’ हा आकडा दिसला तर तो का-बारच्या अलीकडच्या मॉडेलचा क्रमांक आहे, एवढे समजावे. शेवटी म्यान पाहा. मागच्या बाजूला ‘यूएसएमसी’ आणि ‘बॉइट ४३’ असा छाप असलेले चामडी म्यान १९४३ चे असते. मात्र म्याने एका सुरीवरून दुसरीवर सहज जातात, म्हणून म्यान जुने म्हणजे सुरी जुनी असे धरू नये.

किमतीविषयी ढोबळ अंदाजच देता येईल. आजची नवी सुरी साधारण १०० डॉलरच्या आसपास मिळते. युद्धकाळातली, मूळ थर आणि पूर्ण लांबीचे पाते टिकवून असलेली, त्या काळच्या म्यानासह मिळालेली सुरी सामान्यतः काही शे डॉलरला जाते. वारंवार धार लावून पाते अरुंद झाले असेल किंवा चामड्याच्या चकत्या आक्रसून सैल झाल्या असतील, तर ती याच्या निम्म्यानेही जाणार नाही. जाहिरातीतल्या मागणीच्या किमती पाहून हुरळून जाऊ नका. लिलावात प्रत्यक्ष पूर्ण झालेल्या विक्रीच्या किमती तेवढ्या विचारात घ्या. एखाद्या सैनिकाचे नाव म्यानावर कोरलेले असेल आणि त्याच्या सेवेचे कागद सोबत असतील, तर मोल निश्चित वाढते. नुसती ऐकीव हकीकत मात्र ग्राहकाच्या दृष्टीने शून्य असते.

गंजासाठी मऊ कापडावर हलके यंत्रतेल घेऊन पाते पुसावे, आणि चकत्यांवर तेल पडू देऊ नये, कारण त्या मऊ पडतात. कोकणच्या पावसाळ्यात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरी म्यानात ठेवू नका. चामडे ओल धरते, त्यातले कमावणीचे अंश पोलादाला खातात आणि एकाच पावसाळ्यात पात्यावर खड्डे पडू शकतात. म्यान शेजारी वेगळे ठेवावे.

कायद्याविषयीही एक सूचना. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि आपले पाते दोन्ही मर्यादांच्या आत बसते. तरीही ती घराबाहेर घेऊन फिरू नये. पोलिसांचे स्थानिक मनाई आदेश लागू असू शकतात.

मुठीच्या बुडाचे, पात्याच्या दोन्ही बाजूंच्या अक्षरांचे आणि म्यानाच्या पाठीचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात काढून पाठवलेत, तर सुरी कोणत्या काळातली हे अधिक खात्रीने सांगता येईल.