कुळागरात वाढलेल्या आजीच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय असते?

आपली आजी गोव्यातील फोंडा तालुक्यात एका कुळागरात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरील पोफळी-माडांच्या बागायतीत, वाढली, आता नव्वदीला टेकली आहे आणि तिचे चरित्र लिहावे अशी आपली इच्छा आहे. परंतु सारे आयुष्य शेतीवाडीत गेल्यामुळे त्यात साहसाचे काही सापडत नाही, तेव्हा सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. यातील गृहीतच मला मान्य नाही. साहस सापडत नसेल, तर आपल्याला ते विचारता आलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ आहे.

माझी आत्या सावई-वेऱ्याच्या बाजूच्या कुळागरात वाढली. तिचा जन्म १९३४ चा. सुपारी काढणारे गडी एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन, खाली न उतरता, पुढची पोफळ पकडतात, हे आपण पाहिले असेलच. ते ती परकर खोचून शिकली आणि माझ्या आजीच्या दृष्टीस पडेपर्यंत करत राहिली. उन्हाळ्यात झर रोडावली की पाटाचे पाणी पाळीने सोडावे लागे, आणि ते वळवण्याचे काम मुलांकडे असे. माझ्या आजोबांचा नियम असा होता की पाणी पहिल्यांदा टोकाच्या झाडांना द्यावयाचे, कारण वरच्या झाडांना ते जाता जाता झिरपून मिळतेच. वरून सुरुवात केली तर टोकापर्यंत काहीच पोहोचत नाही.

१९५५ च्या एप्रिलमध्ये सुधाताई जोशी यांनी म्हापशात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लढणाऱ्या नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारून अटक पत्करली. त्याच वर्षाच्या अखेरीपासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई रानात राहून गुप्त नभोवाणी केंद्र चालवू लागले. ही नावे इतिहासात आहेत आणि ती असलीच पाहिजेत. त्याच काळात विड्याच्या पानांच्या पाटीत तळाशी पत्रके घालून फोंड्याच्या बाजारात नेणाऱ्या मुलीचे, म्हणजे माझ्या आत्याचे, नाव मात्र कोठेही नाही, कारण ती पकडली गेली नाही. लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाला दाखवावी लागत असे, असा तो काळ होता. पुढच्याच वर्षी आत्याच्या लग्नाची पत्रिकाही तशीच मंजुरी घेऊन छापली गेली. चार वर्षांत ती विधवा होऊन माहेरी परतली. गोवा मुक्त झाल्यावर तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले, सत्तरी तालुक्यातील वाड्यांवर रात्री-अपरात्री बाळंतपणे केली आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ती कुवेतच्या एका रुग्णालयात नोकरीला गेली.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. तेथून भारत सरकारने एक लाखाहून अधिक माणसे जॉर्डनची राजधानी अम्मानमार्गे विमानांनी परत आणली, हे आज सर्वांना ठाऊक आहे. अम्मानपर्यंत ही माणसे कशी पोहोचली, याविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही. आत्या बसने बसरा, बगदाद असे करत जॉर्डनच्या सीमेवर पोहोचली आणि तेथे वाळवंटातील तंबूंमध्ये अडकली. पाण्याची टाकी येताच तगडे पुरुष पुढे धावत, भांडी भरून घेत, आणि मागच्या तंबूंतील बायका व मुले कोरडीच राहत. दुसऱ्या दिवशी आत्या टाकीच्या तोटीवर हात ठेवून उभी राहिली आणि तिने मोडक्या अरबीत, हिंदीत व कोकणीत जाहीर केले की पाणी मागच्या तंबूंपासून सुटेल. एका माणसाने तिला ढकलले. ती हलली नाही. ज्या घरांतील रुग्णांची तिने शुश्रूषा केली होती, त्यांपैकी काही केरळी मंडळी तिच्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि ती तेथून निघेपर्यंत पाणी त्याच क्रमाने वाटले गेले. हे मला तिने स्वतःहून कधीच सांगितले नव्हते. मी तिला उन्हाळी पाळीविषयी विचारत होते, तेव्हा आजोबांच्या नियमाचे उदाहरण म्हणून तिने ते सांगितले. वाळवंटातला तो प्रसंग तिच्या लेखी शेतीच्या कामातच मोडत होता.

ती घरी परतली तेव्हा भावांनी हक्कसोडीचा कागद तयार ठेवला होता. गोव्यात तेव्हा वारशाला लागू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार मुलीचा वाटा मुलाइतकाच असे आणि निम्मी मालमत्ता आईबापांनाही मृत्युपत्राने अन्यत्र देता येत नसे. या कायद्याचे आपण बाहेरच्या लोकांपुढे फार कौतुक करतो, आणि घरी बहिणींच्या सह्या घेत फिरतो. आत्याने सही केली नाही. न्यायालयात रीतसर वाटणी झाली आणि तिच्या वाट्याला पाटाच्या टोकाकडची पट्टी आली. ती तिने शेवटपर्यंत स्वतः कसली. पावसापूर्वी सुपारीवरील कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुन्याचे मिश्रणही ती स्वतःच कालवी.

आमच्या कुलवृत्तांतात तिच्याविषयी "कन्या, विवाहित, निधन २०२२" एवढीच नोंद आहे. तिच्या ज्या भावाने तालुक्याबाहेर क्वचितच पाऊल टाकले, त्याला छायाचित्रासह दीड पान मिळाले आहे. संपादक असलेल्या माझ्या चुलतभावाचे म्हणणे असे की पोटासाठी केलेल्या नोकरीला साहस म्हणत नाहीत. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनाही वेतन मिळत असे, याची मी त्याला आठवण करून दिली. त्यानंतर आमचे बोलणे कमी झाले आहे.

आपल्या प्रश्नाकडे वळायचे तर, आजीला "तुझ्या आयुष्याविषयी सांग" असे कृपया म्हणू नका. त्यावर कोणतीही म्हातारी "माझे काय मेले सांगायचे" असेच म्हणेल. रात्री पाणी वळवायला कोण जाई, मिरी कोणत्या व्यापाऱ्याला जाई, बाळंतपणाला सुईण कोठून येई आणि नदी कशी ओलांडी, हे विचारा. जन्म-विवाहाचे दाखले नागरी नोंदणीच्या कचेरीतून काढून तिच्यापुढे ठेवा. तारखा चुकीच्या आहेत असे ती म्हणू लागली की वही उघडा. जमिनीच्या कागदांवर कोणाच्या सह्या आहेत आणि तिची का आहे किंवा नाही, हे अवश्य विचारा, आणि ते विचारताना घरातील पुरुषांना बाहेर बसवा.

आमचे घर भाटकाराचे, म्हणजे जमीनमालकाचे, होते, हेही सांगितले पाहिजे. आपली आजी कुळाच्या किंवा मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घरात वाढली असेल, तर वाटणीपेक्षा १९६४ चा कूळकायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा तिच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले असतील, आणि आमच्यासारख्या घरांविषयी ती जे सांगेल ते आम्हाला गोड लागणार नाही. तरीही ते लिहा. काही गोष्टी तिला छापायला नको असतील, तर त्या वगळा. माझ्या आत्याने वाटणीचा भाग वगळू नये असे मला बजावले होते आणि तसे मी चुलतभावाला लेखी कळवलेही आहे. कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी पाठवलेल्या मजकुरातून त्याने नेमका तोच परिच्छेद परत केला आहे, आणि त्यावाचून बाकीचा मजकूर छापण्यास मी संमती दिलेली नाही.