सही कोणाची, कारभार कोणाचा? : वाचकांची प्रश्नोत्तरे

देशाच्या प्रमुखपदी नाव कोणाचे आणि प्रत्यक्ष कारभार कोणाचा, या एकाच गोंधळाची पत्रे पुन्हा पुन्हा येत आहेत. म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरे इथे देतो.

प्रश्न : स्वित्झर्लंडचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो. मग देश चालवतो कोण?

सात जणांचे संघीय मंडळ. अध्यक्ष त्यांच्यातलाच एक असतो आणि उरलेल्या सहांचा तो वरिष्ठ नसतो.

प्रश्न : परीक्षेच्या नोट्समध्ये लिहिले आहे, की राष्ट्राध्यक्ष असेल तिथे पंतप्रधान नामधारी असतो. खरे का?

खोटे. सगळे जग एका तक्त्यात बसवून विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. जर्मनीत राष्ट्राध्यक्ष आहे, पण कारभार चॅन्सेलर, म्हणजे तिथला सरकारप्रमुख, पाहतो. दक्षिण आफ्रिकेत पंतप्रधानपदच नाही. तिथल्या राष्ट्राध्यक्षाला संसदेचे सभागृह निवडते आणि तेच अविश्वास ठरावाने घरी पाठवू शकते. फ्रान्सचे उत्तर तर संसदेत बहुमत कोणाचे यावर बदलते : १९९७ ते २००२ या काळात राष्ट्राध्यक्ष शिराक होते, पण देशांतर्गत कारभार विरोधी पक्षाचे पंतप्रधान जोस्पां यांच्या हाती होता. त्या त्या देशाची राज्यघटना उघडा, आणि अर्थ लागला नाही तर तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना गाठा.

प्रश्न : ब्रिटनचा राजा पंतप्रधानांना काढू शकतो का?

१८३४ नंतर कोणी तसे केलेले नाही. मात्र ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ रोजी राणीचे प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी पंतप्रधान व्हिटलम यांना बडतर्फ केले होते. वापर थांबला म्हणजे अधिकार संपला, असे धरू नये.

प्रश्न : सरकार पडले की नवे येईपर्यंत देश वाऱ्यावर असतो, असा संदेश फिरतो आहे. त्या काळात सह्या कोण करते?

असे संदेश पुढे ढकलण्याआधी जरा थांबत जा. बहुतेक संसदीय देशांत जुनेच मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून काम पाहते. भारतात लोकसभा विसर्जित झाली तरी मंत्रिमंडळ राहायलाच हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितले आहे. पगार, पेन्शन, करवसुली हे सगळे प्रशासन चालू ठेवते.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. काळजीवाहू सरकारने काय करू नये, हे पुष्कळ ठिकाणी केवळ संकेतावर सोडलेले असते आणि मुदत तर अनेकदा लिहिलेलीच नसते. बेल्जियममध्ये जून २०१०च्या निवडणुकीनंतर नवे सरकार यायला ५४१ दिवस लागले. त्यातला काही काळ खर्च आधीच्या अंदाजपत्रकाच्या दरमहा बाराव्या हिश्शाने चालला. तरीही २०११ मध्ये लिबियातील लष्करी मोहिमेत भाग घेण्याचा निर्णय याच काळजीवाहू सरकारने घेतला. संसदेची संमती होती म्हणून तो निभावला. बांगलादेशात तर मुदत ठरलेली होती. ९० दिवसांत निवडणूक घ्यायची होती, पण जानेवारी २००७ मध्ये लष्कराच्या पाठिंब्याने आलेले काळजीवाहू सरकार जवळपास दोन वर्षे टिकले. ‘तात्पुरते आहे, चालू द्या’ म्हणत लोक गप्प बसतात, तेच मला खटकते. असे सरकार आले की पहिल्याच दिवशी विचारा : ते कोणाला उत्तरदायी आहे, आणि निवडणुकीची तारीख कोणती? तारीख पुढे ढकलली जात असेल तर न्यायालयात जाता येते का, हे घटनातज्ज्ञ वकिलाकडून वेळेत समजून घ्या. वर्ष उलटल्यावर विचारून उपयोग नसतो.

प्रश्न : मी जाणार त्या देशात सरकार कोसळले आहे. एजंट म्हणतो, व्हिसा बंद होईल, आजच जादा पैसे भरा.

भरू नका. व्हिसाचे अर्ज मंत्री हातात घेऊन तपासत नाहीत, ते काम कर्मचारी करतात आणि सरकार पडल्याने ते आपोआप थांबत नाही. नियम बदलला असेल तर दूतावास तसे जाहीर करील. एजंटाला नव्हे, थेट दूतावासाला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत एक पैसाही देऊ नका.