रेघेची टोकं कुठे टेकतात?
वाचकांचे प्रश्न : वर्तुळाचे भाग

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. चाचणीतल्या आकृतीत म हे केंद्र होतं आणि क, ख, ग, घ हे चार बिंदू वर्तुळावर होते. कख हा रेषाखंड म मधून जात होता. शिवाय मग आणि गघ हे रेषाखंड काढलेले होते. 'आकृतीतील सर्व त्रिज्या, जीवा व व्यास लिहा' असं विचारलं होतं. तिने त्रिज्या मग, जीवा गघ, व्यास कख असं लिहिलं, तरी गुण कापले. का?

उत्तर : लिहिलेलं एकही नाव चुकीचं नाही, यादी अपुरी आहे. त्रिज्या तीन आहेत : मग, मक आणि मख. जीवा दोन : गघ आणि कख. व्यास एक. मक आणि मख एकाच सलग रेघेत दडलेल्या असल्यामुळे नजरेतून सुटतात. कख ला व्यास म्हणून मोकळं झालं, की ती जीवाही आहे हे राहून जातं.

रेघ कशी दिसते हे न पाहता तिची टोकं पाहायला शिकवा. एक टोक केंद्रावर आणि दुसरं वर्तुळावर असेल तर त्रिज्या. दोन्ही टोकं वर्तुळावर असतील तर जीवा. जीवा ठरल्यावरच पुढचा प्रश्न विचारायचा : ही केंद्रातून जाते का? जात असेल तर ती व्याससुद्धा आहे. हा क्रम उलटा केला की नेमकी वरची चूक होते. एखाद्या रेघेचं एक टोक वर्तुळावर आणि दुसरं आत भलतीकडेच, केंद्र सोडून, असलं तर ती यांपैकी काहीच नाही. प्रश्न काढणारे अशी रेघ मुद्दाम घालतात.

जीवा म्हणजे धनुष्याची दोरी आणि कंस म्हणजे वाकलेलं धनुष्य, हे चित्र मुलांना चटकन लक्षात राहतं. सर्वांत लांब जीवा व्यासच का, हेही याच आकृतीत दिसतं. म, ग, घ जोडून त्रिकोण करा. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, म्हणून मग आणि मघ मिळून गघ पेक्षा जास्त भरतात. आणि दोन त्रिज्या मिळून व्यासाएवढी लांबी होते.

एक मराठीतलीच अडचण. 'त्रिज्या' या शब्दाचं अनेकवचनही 'त्रिज्या'च. त्यामुळे 'त्रिज्या किती?' याचं उत्तर 3.5 सेमीही असू शकतं आणि 'अगणित'ही. प्रश्नात लांबी विचारली आहे की संख्या, ते आधी पाहावं.

प्रश्न : 'केंद्र हा वर्तुळावरील बिंदू आहे' हे विधान चूक का? केंद्र वर्तुळातच तर असतं.

उत्तर : 'वर्तुळात' आणि 'वर्तुळावर' यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. भूमितीत वर्तुळ म्हणजे फक्त कडेची रेषा : रिंग, तबकडी नव्हे. केंद्र अंतर्भागात असतं. त्रिज्या 3.5 सेमी असेल तर केंद्रापासून 3.4 सेमीवरचा बिंदू अंतर्भागात, 3.5 सेमीवरचा वर्तुळावर आणि 3.6 सेमीवरचा बाह्यभागात.

प्रश्न : वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड यांत नेहमी गोंधळ होतो.

उत्तर : पाकळीला दोन त्रिज्या आणि एक कंस अशी हद्द असते, खंडाला एक जीवा आणि एक कंस. पाकळीचा कोपरा केंद्रावर असतो. मात्र 'केंद्र दिसलं की पाकळी' असं म्हणू नका. विशाल, म्हणजे अर्धवर्तुळापेक्षा मोठ्या, वर्तुळखंडाच्या पोटात केंद्र येतं, पण तिथे कोपरा नसतो. अर्धवर्तुळ दोन्ही व्याख्यांत बसतं, कारण तिथे दोन त्रिज्या एका रेषेत येऊन जीवाच तयार होते.

दोन्हींतला फरक म्हणजे एक त्रिकोण. त्रिज्या 10 सेमी आणि केंद्रीय कोन 90° घ्या. पाय (π) 3.14 धरला तर पाकळी 78.5 चौसेमी, दोन त्रिज्या आणि जीवा यांचा त्रिकोण 50 चौसेमी, उरलेला लघुखंड 28.5 चौसेमी.

प्रश्न : कंसाच्या नावात तीन अक्षरं कशाला?

उत्तर : क आणि ख हे बिंदू वर्तुळाचे दोन कंस करतात. नुसतं 'कंस कख' म्हटलं तर कोणता ते कळत नाही. ज्या बाजूचा हवा, त्या बाजूचा एक बिंदू मध्ये लिहायचा : कंस कगख.

प्रश्न : ताटली ठेवून काढलेल्या वर्तुळाचं केंद्र कसं शोधायचं? आमचं दर वेळी तीन-चार मिलिमीटर चुकतं.

उत्तर : दोन जीवा काढून त्यांचे लंबदुभाजक, म्हणजे जीवेच्या मधोमध काटकोनात जाणाऱ्या रेषा, काढा. ते छेदतात तिथे केंद्र. जीवेच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असलेले बिंदू लंबदुभाजकावरच असतात आणि केंद्र त्यांपैकी एक आहे.

चूक बहुधा दोन ठिकाणी होते. पहिली, दुभाजकासाठी जीवेच्या दोन्ही टोकांवरून कंस काढताना कंपास कमी उघडणं. जीवा 6 सेमी असेल आणि कंपास 3.2 सेमी उघडला, तर कंसांचे छेदनबिंदू एकमेकांपासून जेमतेम 2.2 सेमीवर पडतात, आणि एवढ्याशा अंतरावर पट्टी किंचित कलली तरी लांबवलेली रेघ भरकटते. तोच 5 सेमी उघडा, ते बिंदू 8 सेमीवर जातात आणि रेघ पक्की बसते. दुसरी, जीवा जवळजवळ समांतर घेणं. मग दुभाजक फारच तिरके छेदतात आणि पेन्सिलीच्या जाडीएवढ्या फरकानेही छेदनबिंदू सरकतो. जीवा मोठ्या आणि एकमेकींना साधारण काटकोनात असाव्यात. खात्रीसाठी तिसरी जीवा घ्या. तिचा दुभाजक त्याच बिंदूतून गेला नाही, तर आधीच्या दोहोंपैकी एक तरी बिघडला असेल, किंवा हाच.

कंपास नसेल तर कोऱ्या कागदाचा काटकोनी कोपरा वर्तुळावर टेकवा. कागदाच्या दोन कडा वर्तुळाला जिथे छेदतात ते दोन बिंदू जोडले की व्यास मिळतो, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. दुसऱ्या जागी कोपरा टेकवून आणखी एक व्यास काढा. दोन व्यास छेदतात ते केंद्र. कोपरा मात्र न दुमडलेला, टोकदार हवा.