शेजारच्या दलाची गाडी मागताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता वाचला. महामुंबईतली सगळी अग्निशमन दलं, त्यांचे टँकर, फोम टेंडर (फेस मारणाऱ्या गाड्या), शिड्या, फोन नंबर, सगळं एकाखाली एक नीट मांडलं आहेस. काम स्वच्छ आहे, पण साहेबांनी मागितलेला ‘परस्पर मदतीचा आराखडा’ तो नव्हे. रात्री तीन वाजता तळोज्यात सॉल्व्हंटचं, म्हणजे पेट घेणाऱ्या द्रावकाचं, गोडाऊन पेटलं आणि कंट्रोल रूममधल्या तुझ्या खुर्चीवर कालच रजेवरून परतलेला ऑपरेटर असला, तर पहिला फोन कुठे करायचा हे त्याला त्या पानांवरून कळेल का? मला कळलं नाही, आणि मी तर चहा घेत निवांत वाचत होतो.

आधी आपली घडण लक्षात घे. अग्निशमन सेवा घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांच्या कामांत मोडते. त्यामुळे ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, मिरा-भाईंदर, पनवेल, प्रत्येकाचं दल वेगळं. एमआयडीसीचं वेगळं, तेलशुद्धीकरण कारखान्यांचं, बंदराचं, विमानतळाचं वेगळं. वायरलेस वेगळा, हुद्दे वेगळे, डिझेलच्या बिलावर सही करणारा साहेबही वेगळा. तरी शेजारून फोन आला की आपली गाडी निघते, कुणी कागद मागत बसत नाही. हे सगळं ओळखीवर चालतं आणि एका गोडाऊनच्या आगीला ओळख पुरतेही. दहा दलांच्या तीस गाड्या एकाच रस्त्यावर आल्या की तिथे कुणाची ओळख कुणाच्या कामी येत नाही.

फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर शहराचा मध्यभाग पेटला. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब रेल्वेत घालून आणले, आणि त्यांच्या होजची (पाण्याच्या नळीची) कपलिंग, म्हणजे जोड, तिथल्या हायड्रंटला, आगीसाठीच्या रस्त्यावरच्या नळाला, बसेनात. आग तीसेक तास चालली, १५०० हून जास्त इमारती गेल्या. पुढच्याच वर्षी कपलिंगचं राष्ट्रीय मानक ठरलं. तरीही ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्या पेटल्या, २५ माणसं गेली, आणि मदतीला आलेल्यांना हायड्रंटपाशी उभं राहिल्यावर समजलं की इथलं तोंड तीन इंची आहे आणि आपला होज अडीच इंची. मानक कागदावर येणं आणि ते रस्त्यावरच्या हायड्रंटपर्यंत पोचणं यांत किती वर्षं जातात ते बघ.

आपल्याकडे ६३ मिलिमीटरचं इन्स्टंटेनियस (झटकन बसणारं) कपलिंग आहे, आयएस ९०३ या भारतीय मानकातलं. रोह्याचा होज रत्नागिरीच्या होजला बसतो. आपलं घोडं अडतं वायरलेसपाशी. बाहेरून आलेल्या गाडीचा सेट तुमच्या चॅनेलवर बोलत नाही, मग सगळे मोबाइल काढतात, आणि आगीजवळच्या गोंगाटात एकेकाला फोन लावण्यात घटनास्थळावरच्या अधिकाऱ्याचा अर्धा जीव जातो. यावर महागडे उपाय पुष्कळ आहेत आणि ते मंजूर होतील तेव्हा होतील. तोवर कंट्रोलमध्ये चार्ज केलेल्या वॉकीटॉकींची एक पेटी ठेव. येणाऱ्या प्रत्येक गटाच्या प्रमुखाच्या हाती एक सेट, सही घेऊन. कॉल साइनच्या, म्हणजे वायरलेसवरच्या नावाच्या, आधी गावाचं नाव लावायचं, ‘ठाणे फोम एक’, ‘कल्याण टँकर दोन’. सांकेतिक आकडे बंद, साध्या मराठीत बोलायचं. एका दलाचा आकडा दुसऱ्या दलात भलताच अर्थ घेऊन बसलेला असतो.

नुसत्या ओळखीवर भागत नाही हे कॅलिफोर्नियाला १९७० मध्ये कळलं. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेरा दिवसांत तिथल्या वणव्यांनी १६ बळी घेतले, ७०० च्या वर इमारती जळाल्या. माणसं आणि गाड्या मदतीला येत होत्या, पण कोण कोणाच्या हुकमात आहे याचा मेळ नव्हता. त्यातून त्यांनी घटनास्थळावरच्या कमांडची पद्धत बांधली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१० ची ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम’ त्याच पद्धतीवर बेतलेली आहे. ती मार्गदर्शिका वाचलीच असशील. तिच्यातला एकच भाग तुझ्या आराखड्यात जसाच्या तसा उचल: एका अधिकाऱ्याच्या हाताखाली पाचच्या आसपास गट, सातच्या वर कधीच नाही.

कॅलिफोर्नियात मदतीला सुट्या सुट्या गाड्या मागत नाहीत. एका जातीच्या पाच गाड्या आणि त्यांचा एक प्रमुख, असा संच मागतात. आग सांभाळणाऱ्याला मग पाच ड्रायव्हरांशी बोलावं लागत नाही, एकाशी बोललं की काम होतं. आपल्याकडे एका जातीच्या पाच गाड्या एका दलाने सोडायच्या म्हणजे त्याचं घर उघडं पडलं. म्हणून मिश्र गट कर: दोन टँकर, एक फोम टेंडर, आणि जीपमधून गटप्रमुख. गाडी एक कमी आली तरी चालेल, गटप्रमुख हवाच. गाड्यांच्या संख्येवर जीव टाकणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. गटप्रमुख मागून घेणारे विरळा.

आता मागणीचे शब्द. ‘मोठी आग आहे, असतील तेवढ्या गाड्या पाठवा’ हे ऐकून समोरचा ऑपरेटर जे हाताशी असेल ते पाठवतो आणि तुझ्या दारात शिडीची गाडी येऊन उभी राहते. मागणी अशी हवी: ‘तळोजा एमआयडीसी, सॉल्व्हंटचं गोडाऊन. दोन फोम टेंडर, अल्कोहोल-रेझिस्टंट फोमसह. चार टँकर. एक गटप्रमुख. बारा तासांसाठी. कळंबोली स्टील मार्केटजवळ थांबा, तिथे आमचा माणूस भेटेल.’ काय जळतंय, काय हवं, किती वेळ, कुठे यायचं, कुणाला भेटायचं. हा मजकूर छापून फोनखाली काचेत सरकव.

काय जळतंय हे मी मुद्दाम पहिलं घेतलं. दर १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी, आपण छातीवर छोटा फ्लॅग लावतो तो १९४४ च्या त्या दुपारसाठी. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती. आग विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटात गेले. शेजारच्या दलाचा फायरमन आपल्या हद्दीतल्या रसायनांवर विश्वासाने चालून येतो. त्याला ती माहिती गाडी सुटण्याआधी मिळायला हवी, फाटकावर नव्हे.

फोमचंही तसंच. तुझ्या तक्त्यात ‘फोम, ४००० लिटर’ एवढंच आहे. पाण्यात तीन टक्के मिसळायचा की सहा टक्के? साधा एएफएफएफ (पेट्रोल-तेलाच्या आगीवरचा) की अल्कोहोलला टिकणारा? इथेनॉल, ॲसिटोन यांच्यावर साधा फोम पडता पडता विरतो. आणि वेगवेगळ्या जातींचा फोम एका टाकीत ओतायचा नाही, हे दोन दलं एकत्र आली की हमखास कुणीतरी विसरतं. ठाणे-बेलापूर, तळोजा, पाताळगंगा इथल्या कारखान्यांचे ‘मार्ग’ नावाचे परस्पर मदत गट आहेत. त्यांच्याकडे फोम, गॅस डिटेक्टर, रसायनांची माहिती असलेली माणसं असतात. आपली पालिका मंडळी त्यांना निमंत्रणपत्रिकेवरचे पाहुणे समजतात. तू त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा ड्यूटीवरचा, चोवीस तास उचलला जाणारा नंबर घे. कारखान्याबाहेर पसरणाऱ्या अपघाताचा आराखडा १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांखाली जिल्ह्याकडे असतो, तोही मागव. तुझं काम त्याला जोडलेलं हवं, समांतर नको.

इलिनॉय राज्यात १९६८ मध्ये शिकागोजवळच्या उपनगरांनी एक साधी सोय केली, मला ती फार आवडते. कार्ड. प्रत्येक भागाचं, प्रत्येक धोक्याचं वेगळं. आगीची पातळी वाढली की कोणत्या गावाची कोणती गाडी सुटेल, आणि तिच्या रिकाम्या स्टेशनात कोण येऊन बसेल, हे आधीच त्यावर लिहिलेलं. ऑपरेटरने फक्त वाचायचं. आपल्याकडेही मुंबईत आगीची पातळी एक, दोन, तीन अशी जाहीर होते. हद्दीबाहेरच्या मदतीला तशीच पायरी लाव. सुरुवातीला चारच कार्डं कर: रासायनिक कारखाना, गोडाऊन, महामार्गावरचा टँकर, रुग्णालय. आणि ती अधिकाऱ्यांच्या बैठकीत लिहू नकोस, रात्रपाळीच्या ऑपरेटरांना घेऊन बस.

कार्डाचा दुसरा रकाना, रिकाम्या स्टेशनाचा, कुणाला आवडत नाही, कारण त्यात कीर्ती नाही. भिवंडीकडची गोडाऊनं एकदा पेटली की कूलिंग, म्हणजे पाणी मारून गार करणं, दिवसेंदिवस चालतं. तेवढ्यात तुझ्या स्वतःच्या हद्दीत सिलिंडर फुटला तर? सगळ्यांत जवळची गाडी कायम आगीकडे आणि तिसऱ्या गावाची गाडी जवळच्याच्या स्टेशनात, हा हिशेब ठेव. गाडी मोजताना ड्रायव्हर मोज. शेडमध्ये उभी गाडी आणि चालवायला माणूस नाही, ही आपली खरी अवस्था तुला मी सांगायला नको. आठवड्यातून एकदा, वेळ न सांगता, शेजारच्या कंट्रोलला फोन करून विचार: आत्ता ड्रायव्हरसकट काय सुटेल?

तुझ्या स्वतःच्या खोलीचं बोलू. मोठ्या आगीत १०१ चे फोन थांबत नाहीत, वाढतात. तोच ऑपरेटर शेजारच्या दलांशी बोलू लागला की एखादी म्हातारी लिफ्टमध्ये अडकलेली राहते. परस्पर मदतीचं टेबल वेगळं कर, त्यावर वेगळा माणूस, वेगळी नोंदवही, वेगळा फोन. घरी असलेल्यांपैकी कुणाला बोलवायचं हे ठरलेलं असू दे. एक ऑपरेटर वॉकीटॉकी आणि वही घेऊन घटनास्थळी पाठव. अधिकाऱ्याच्या शेजारी उभा राहून तो जे टिपेल ते तुला दुसरा कुणी देणार नाही. आणि २६ जुलै २००५ आठव. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मोबाइल मुके झाले होते. तुझं कंट्रोल बंद पडलं तर तुझ्याकडे येणारे आगीचे फोन कोण घेईल ते ठरव आणि त्या दलाशी लेखी बोलणं कर.

आलेल्या गाड्या थेट आगीवर सोडायच्या नाहीत. आधी ठरवून दिलेल्या थांब्यावर, नावांची यादी द्यायची, मग हुकूम. न बोलावता आलेल्याला, मग तो कितीही शूर असो, थांब्यावरच बसव. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या दलाचे ३४३ जण गेले. सुट्टीवर असलेले कितीतरी जण आपणहून धावून गेले होते, आणि आत कोण आहे याचा हिशेब वरिष्ठांकडे नव्हता.

माणसांच्या तब्येतीबद्दल थोडं. जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीच्या मदतीला निघालेल्या नवी मुंबई दलाच्या अधिकाऱ्याचा डोंगर चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. बाहेर पाठवायच्या यादीतल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी झालेली हवी, आणि चढाईच्या कामाला कोण जाणार ते वेगळं ठरवलेलं हवं. पहिल्या चोवीस तासांचं जेवण, पाणी, डिझेल, रोख रक्कम गटाने सोबत न्यायची. यजमानांवर ओझं नको, त्यांची आग चालू आहे. बारा तासांनी बदली. महिला जवानांच्या स्वच्छतागृहाची सोय थांब्याची जागा निवडतानाच बघ, नंतर कुणाला सुचत नाही.

पैशांचं आधी लिहून घे. अमेरिकेत राज्याराज्यांमधला जो करार १९९६ मध्ये तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, मान्य केला, त्यात मदत मागणारं राज्य खर्च देतं आणि जखमी माणसाची भरपाई त्याचं स्वतःचं राज्य बघतं, हे स्पष्ट आहे. आपल्या आयुक्तांना एवढी दोन वाक्यं पटवून दे: फोम आणि डिझेल मागणाऱ्याचं, माणसाचा विमा पाठवणाऱ्याचा. लेखा विभाग हरकत काढेल. काढू दे, शांत दिवसांत काढलेली बरी.

शेवटी परतीचं. आग आटोक्यात आली की सगळ्यांना घाई होते आणि तिथेच होज, ब्रँच (होजच्या टोकाची तोटी), बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं उपकरण) यांची अदलाबदल होते. प्रत्येक दलाच्या होजला वेगळ्या रंगाचा पट्टा मार, शेजाऱ्यांनाही मारायला सांग. निघताना मोजून सही. रात्रभर पंप चालवलेल्या ड्रायव्हरला झोप मिळाल्याशिवाय महामार्गावर सोडू नकोस. आणि गाडी तिच्या स्टेशनात पोचल्याचा फोन येईपर्यंत नोंदवहीतली तिची ओळ उघडी ठेव.

गोडाऊनचं कार्ड आधी कर आणि कच्चंच पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.

कळावे.