आठ फुटांत लोको शेड: वाचकांचे प्रश्न

मॉडेल रेल्वेविषयी या वेळी आलेले बरेचसे प्रश्न लोको शेडभोवतीच, म्हणजे इंजिनांच्या आगाराभोवतीच, फिरतात. मिरज जंक्शन ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांना शेडची ओढ लागणारच. मोजक्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं देतो.

प्रश्न: विश्रामबागला फ्लॅटमध्ये राहतो. हॉलच्या भिंतीलगत आठ फूट लांब, दीड फूट रुंद एवढीच जागा मिळाली आहे. गोल फिरणारी गाडी आणि लोको शेड, दोन्ही हवंय. एचओ घ्यावं की एन? (निवृत्त शिक्षक, सांगली)

दीड फुटात गोल बसत नाही, अगदी एनमध्येसुद्धा. एन आणि एचओ ही मॉडेलची प्रमाणं (स्केल). एन म्हणजे 1:160, रुळांमधलं अंतर 9 मिमी. त्यात तयार मिळणाऱ्या लहान वळणाची त्रिज्या साधारण 228 मिमी असते. म्हणजे समोरासमोरच्या दोन रूळमार्गांच्या मध्यांतच 456 मिमी गेले, आणि तुमची फळी आहे 457 मिमीची. अर्धा मार्ग हवेत राहील. एचओ म्हणजे 1:87, रूळ 16.5 मिमी. त्यातलं सगळ्यात आवळ वळण 360-370 मिमी त्रिज्येचं, म्हणजे फळी पावणेतीन फूट तरी हवी. शिवाय आपला आयसीएफ प्रवासी डबा 21.3 मीटरचा, एचओत तो 245 मिमी होतो. एवढा लांब डबा त्या वळणावर दोन्ही बाजूंनी बाहेर येतो आणि डोळ्याला खटकतो.

म्हणून गोल सोडून द्या. एचओ घ्या आणि आठही फूट शेडला द्या. डब्ल्यूडीएम-2 सारखं डिझेल इंजिन एचओत 20 सेंमीच्या आत बसतं. डबे नाहीत, मोठी वळणं नाहीत, फक्त इंजिनं, सांधे (एका मार्गावरून दुसऱ्यावर जाण्याची जागा) आणि शंटिंग. डाव्या टोकाचे दोन फूट एका भिंतीआड झाका आणि तिथे साध्या फळीवर दोन रूळमार्ग टाका. इंजिनं तिथून ‘गाडी सोडून’ येतील आणि काम झालं की तिथेच परत जातील. छोट्या जागेसाठी याहून समाधान देणारा प्रकार मला माहीत नाही.

प्रश्न: शेडमध्ये नेमक्या कोणकोणत्या इमारती लागतात? किट घेण्याआधी यादी हवी आहे. (इस्लामपूर)

इमारतींची यादी राहू द्या, आधी इंजिनाचं काम कागदावर लिहा. वाफेचं इंजिन गाडी सोडून आलं की राखेच्या खड्ड्यावर उभं राहतं, तिथे भट्टी साफ होते. मग कोळसा, मग पाणी. गरज असेल तर टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या पुलावर, तोंड फिरवून घ्यायचं आणि शेवटी शेडच्या छपराखाली जायचं. लहान शेडमध्ये कोळसा पाट्यांनी चढवत, त्यामुळे मोठ्या यांत्रिक कोल स्टेजचं महागडं किट घ्यायची गरज नाही. उंच ओटा, कोळशाचा ढीग आणि चार माणसं पुरतात. डिझेलचं काम वेगळं: इंधन भरणं, वाळू भरणं, खड्ड्यावर तपासणी, धुणं. ज्या क्रमाने काम, त्याच क्रमाने रुळालगत जागा. हा क्रम चुकला तर इमारती कितीही सुबक असोत, इंजिन मागेपुढे करताना काही अर्थ लागत नाही. प्रत्येक थांब्यावर एक इंजिन पूर्ण उभं राहील इतकी लांबी मात्र ठेवा. दुसरं इंजिन मागे ताटकळतंय, हीच तर शेडची गंमत आहे.

एक जागा मन लावून करा: तपासणीचा खड्डा. खरा खड्डा मीटरभर खोल धरला तर एचओत तो साडेअकरा मिमी होतो, म्हणजे 12 मिमीचा प्लाय आरपार कापला आणि खालून पातळ पट्टी चिकटवली की खोली जमली. रुंदी रुळांच्या आतल्या अंतराहून थोडी कमी ठेवा. तेवढ्या लांबीतले प्लास्टिकचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) काढून टाका आणि रूळ खड्ड्याच्या दोन्ही कडांवर इपॉक्सीने बसवा. ते सुकेपर्यंत दोन जुने डबे रुळांवर उभे ठेवा, म्हणजे गेज (दोन रुळांमधलं अंतर) सरकत नाही. आत एका बाजूला बारीक पिवळी एलईडी लावली की इंजिनाच्या पोटाखालचा उजेड दिसतो.

रंगाचं थोडक्यात सांगतो. सगळी जमीन काळी करू नका. काळं फक्त राखेच्या खड्ड्याजवळ आणि कोळशाच्या ओट्याजवळ, तेलाचे डाग फक्त इंजिन उभं राहतं तिथे रुळांच्या मधोमध.

प्रश्न: मिरजेत एके काळी तिन्ही गेज होते. ते तिन्ही एका शेडमध्ये दाखवता येतील का? (मिरज)

येतील, पण आधी साल ठरवा. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला. दक्षिणेकडे लोंढ्याच्या बाजूला त्यानंतरही मीटरगेज होती. आणि कुर्डुवाडीकडून येणारी नॅरोगेज म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेल्या या रेल्वेचा बार्शीचा पहिला भाग 1897 मध्ये सुरू झाला आणि 1927 मध्ये ती मिरजेला पोचली. म्हणजे तिन्ही गेज एकत्र हवे असतील तर तुमचं साल 1971 नंतरचंच हवं.

आता आकडे. ब्रॉडगेज 1676 मिमी, एचओत 19.3. मीटरगेज 11.5. नॅरोगेज 762 मिमी, एचओत 8.8. बाजारात मिळतं ते 16.5, 12 आणि 9 मिमी. मीटर आणि नॅरो जवळजवळ अचूक बसतात, ब्रॉडगेज मात्र पावणेतीन मिमीने अरुंद पडतं. हौशी माणसं 19.3 चे रूळ हाताने घालतात, पण मग प्रत्येक इंजिनाची चाकं बदलावी लागतात. पहिल्याच कामात त्या वाटेला जाऊ नका. तिन्ही शेजारी शेजारी ठेवले की रुंदीचा फरक लगेच दिसतो, आणि आपल्याला दाखवायचंय तेच.

खर्चाच्या दृष्टीने मी दोनच गेज सुचवेन: 16.5 चं ब्रॉड आणि 9 चं नॅरो. 12 मिमीचं सामान महाग पडतं आणि मागवायलाही वेळ लागतो. नॅरोसाठी एन स्केलचे साधे रूळ चालतात, मात्र त्याचे स्लीपर फार बारीक आणि दाटीवाटीने असतात. ते एकाआड एक कापून काढा आणि उरलेल्यांवर लाकडाच्या रुंद पट्ट्या चिकटवा. दोन गेजच्या मधोमध एक अरुंद फलाट करा, एका अंगाला नॅरोची वाघीण, दुसऱ्या अंगाला ब्रॉडची, आणि मधे पोती वाहणारे हमाल. गेज बदलला की माल असाच उतरवून चढवावा लागे. मिरज दाखवायचं तर ही हमालांची जागा शेडइतकीच महत्त्वाची आहे, ती गाळू नका.

प्रश्न: टर्नटेबल घरी बनवलं. इंजिन अर्धा फेरा फिरवून पुन्हा रुळावर आणलं की शॉर्ट होतं. वायरिंग तीन वेळा तपासलं. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड)

तुमचं वायरिंग बरोबर आहे, गोम भूमितीत आहे. टर्नटेबलचा पूल 180 अंश फिरला की त्याचा डावा रूळ उजवीकडे येतो. पुलाला धन-ऋण पूर्वीसारखंच मिळत राहिलं तर समोरच्या रुळाशी ते उलट भिडतं. इंजिनाची चाकं दोन्हीकडे टेकली की शॉर्ट.

सोपा उपाय: पुलाला वेगळी वायर द्या आणि तिच्यात सहा पिनांचा डीपीडीटी स्विच बसवा. मधल्या दोन पिनांवरून पुलाकडे, एका टोकाच्या दोन पिनांवर पुरवठा, आणि तिथून दुसऱ्या टोकाकडे दोन वायरी एकमेकींना छेद देऊन. पूल उलटा झाला की स्विच पाडायचा. हे विसरायचं नसेल तर पुलाखाली तांब्याचं कडं दोन अर्धांत कापून लावा. घासणारे दोन ब्रश अर्ध्या फेऱ्यानंतर आपोआप दुसऱ्या अर्ध्यावर जातात. कड्यातल्या दोन फटी मात्र अशा दिशेला ठेवा, जिथे एकही रूळमार्ग येत नाही. डीसीसी (डिजिटल नियंत्रण) असेल तर ऑटो रिव्हर्सर हे काम करतो.

पूल रुळांशी नेमका जुळत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून दाराची सगळ्यात लहान पितळी कडी आणा. कडी पुलाच्या टोकाला, आणि प्रत्येक रूळमार्गासमोर पितळी नळीचा तुकडा. दांडी नळीत सरकली की पूल जागच्या जागी पक्का बसतो.

साध्या डीसीवर असाल तर शेडच्या प्रत्येक मार्गाच्या टोकाला इंजिनाच्या लांबीचा तुकडा एका रुळात फट पाडून वेगळा करा, फटीत रूळ जोडणारा प्लास्टिकचा जॉइनर आणि त्या तुकड्याला स्वतंत्र बटण. बटण बंद, तर इंजिन उभं. हे केलं नाही तर रेग्युलेटर फिरवताच शेडमधली सगळी इंजिनं एकदम निघतील.

प्रश्न: संगम माहुलीहून कृष्णेची बारीक वाळू आणून खडी म्हणून पसरली. त्यानंतर इंजिन धक्के देत चालतं. (गृहिणी, सातारा)

चुंबक घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि उरलेल्या वाळूवरून फिरवा. पिशवीला काळ्या कणांची मिशी फुटेल. आपल्या भागातला खडक बसाल्ट आहे, त्यात मॅग्नेटाइट असतं आणि ते नदीच्या वाळूत उतरतं. इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक रुळांमधून जाता जाता हेच कण ओढून घेतं, ते गिअरमध्ये जातात. खाणीवरची कच वापरली तरी हीच अडचण येते.

सांध्यांच्या आसपासची खडी आधी काढा. कोमट पाणी थेंब थेंब सोडलं की साधा फेविकॉल मऊ होतो, मग चमच्याने खरवडता येतं. बाकीच्या मार्गावर पिशवीतलं चुंबक रुळांमधून सावकाश फिरवा. इंजिन उघडून गिअर ब्रशने साफ करा, नंतर तेलाचा एकच थेंब. नवी वाळू पसरण्याआधी चुंबकाला काही चिकटेनासं होईपर्यंत फिरवत राहा. पिशवी उलटी केली की कण सुटून पडतात.

दाणाही तपासा. खरी खडी साधारण 50 मिमीची, म्हणजे एचओत अर्ध्या मिमीहून जरा मोठी. चहाच्या गाळणीतून पडेल ती घ्या, मैद्याच्या चाळणीतून पडेल ती टाकून द्या.

प्रश्न: एप्रिलमध्ये रूळ वर उचलले गेले. आणि आमचं घर तळमजल्यावर आहे. (गावभाग, सांगली)

रूळ बहुधा थंडीत, टोकाला टोक भिडवून टाकले असणार. निकेल सिल्व्हरचा तीन मीटर रूळ 25 अंश तापमान वाढलं की सुमारे 1.2 मिमी लांबतो, आणि सांगलीत जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत तेवढा फरक सहज पडतो. दर मीटरला रुळांच्या एका जोडात अर्धा मिमी फट ठेवा, आणि दोन्ही बाजूंच्या रुळांना खालून वेगवेगळी वायर सोल्डर करा, जॉइनरच्या भरवशावर वीज सोडू नका. प्लायला दोन्ही अंगांनी आणि कडांनाही वॉर्निश हवं, नाहीतर पावसाळ्यात तो फुगतो.

तळमजल्याचं म्हणाल तर 2019 चा पूर तुम्हीही पाहिला आहे. चार फुटांच्या दोन फळ्या करा, बोल्टने जोडा, वायरींना प्लग लावा. दोन माणसांना दहा मिनिटांत वरच्या मजल्यावर नेता आलं पाहिजे.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला यात घेता येईल का? (कोरेगाव)

जरूर. सांधे बदलणं, झाडं लावणं, इंजिनांची पाळी ठरवणं हे सगळं तिला करू द्या. सोल्डरिंग आणि कटर तुमच्याकडे. रूळ पुसायचं काम तिला दिलंत तर सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल तुम्ही समोर बसून द्या, खिडकी उघडी ठेवा. सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. पॉलिश पेपरही नको, ओरखड्यांत घाण साचते. आणि पुण्याला जाणं झालं तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम तिला दाखवा, 1998 पासून आहे. तिथे तिने काय काय विचारलं ते कागदावर टिपून घ्या आणि तुमचा आराखडा त्यावरून काढा.