१०० च्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. दोन्ही डिस्क बदलायच्या का?

तुम्ही लिहिलंय की एक्स्प्रेसवेवर ९०-१०० ला हलका ब्रेक लावला तरी स्टिअरिंग हातात थरथरतं, साठच्या खाली आलं की शांत होतं, आणि गॅरेजवाले म्हणतात डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) वाकल्यात, दोन्ही बदला. माझं चिंचवडला छोटं गॅरेज आहे आणि ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. डिस्क बदलाव्या लागतीलही. पण त्या का बिघडल्या हे न बघता नव्या टाकल्यात, तर दिवाळीत टाकलेल्या डिस्क होळीपर्यंत पुन्हा थरथरायला लागतात.

आधी एक खात्री करून घ्या. मोकळ्या सपाट रस्त्यावर त्याच वेगाला ब्रेक न लावता गाडी चालवा. तेव्हाही थरथर असेल तर बॅलन्सिंग, टायरला आलेला फुगा किंवा वाकलेली रिम बघायची, ब्रेकला हात लावायची गरज नाही. ब्रेकवर पाय ठेवल्यावरच सुरू होत असेल तर दोष ब्रेकमध्ये. हातात जाणवतं म्हणजे बहुतेक वेळा पुढची चाकं. स्टिअरिंग शांत आणि कंबरेखाली सीट हलते, असं असेल तर मागचे ड्रम तपासायचे. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली खडखडतं ते एबीएसचं (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम असतं, त्याला बिघाड समजू नका. तुमची थरथर हलक्या ब्रेकलाही येते, म्हणून ते कारण इथे नाही.

आता ‘डिस्क वाकली’ या शब्दाबद्दल. आम्ही गॅरेजवाले तो सर्रास वापरतो, पण खरोखर वाकलेली डिस्क क्वचित सापडते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. आणि फरक किती? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले १५ भागसुद्धा पुरतात. झेरॉक्सचा कागद साधारण १०० भाग जाड असतो, यावरून अंदाज घ्या. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण छोट्या गाडीचं चाक १०० च्या वेगाला सेकंदाला साधारण १५ फेरे मारतं. प्रत्येक फेऱ्यात जाड जागा पॅडमधून (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ठोकळ्यांमधून) गेली की पकड वाढते, पातळ जागा आली की सुटते, आणि तो धक्का टाय रॉडमधून (चाक वळवणाऱ्या दांड्यातून) थेट स्टिअरिंगला पोचतो. पुढच्या सस्पेन्शनला ठरावीक वेगाचे धक्के जास्त मानवतात, म्हणून शंभरला जोर दिसतो आणि साठला काहीच नाही.

जाडी अशी कमीजास्त कशी होते, त्याचं एक उदाहरण सांगतो, कारण तुमच्याकडेही हेच असेल असा मला दाट संशय आहे. रत्नागिरीकडची एक गाडी माझ्याकडे आली. चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे दोन्ही डिस्क नव्या टाकलेल्या, थरथर परत सुरू. चाक काढलं, डिस्क हबवरून (ज्या फिरत्या बैठकीवर डिस्क आणि चाक आवळतात तिच्यावरून) उतरवली, तर हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा, नखाएवढा. समुद्राची हवा आणि कोकणातला पाऊस, दुसरं काय होणार. त्या पापुद्र्यावर नवी डिस्क तशीच आवळली होती, त्यामुळे ती जराशी तिरकी बसली. तिरकी डिस्क ब्रेक लावलेला नसतानाही दर फेऱ्याला त्याच जागी पॅडला घासते. पाच-सात हजार किलोमीटरमध्ये ती जागा झिजून पातळ होते आणि थरथर सुरू होते. म्हणजे डिस्क नवीच होती, तिची बैठक खराब होती. तारेच्या ब्रशने हब चकचकीत केला, डिस्क परत बसवून सगळे नट आवळले आणि डायल गेज, म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं माप, लावला. आधी ज्या चाकाला काटा १२ घरं हलत होता तो ३ वर आला. त्या गेजचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. साधारण ५ घरांच्या आत असलं की मी समाधानी असतो, पण तुमच्या मॉडेलची मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तीच धरा. मग डिस्कला फेसिंग मारलं, म्हणजे मशिनवर पृष्ठभाग किंचित कापून सारखा केला, आणि पॅड नवे टाकले.

तेव्हा गॅरेजमध्ये हट्टाने सांगा: डिस्क उतरवून हब घासा, डायल लावून दाखवा, आणि मायक्रोमीटरने डिस्कची जाडी गोलाकार आठ ठिकाणी मोजा. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. फेसिंग मारून त्याच्या खाली जाणार असेल तर मात्र बदलाच, तिथे काटकसर नको. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना हाताने सरकतात का तेही बघायला लावा. पिन अडकली की पॅड सुटत नाही, डिस्क तापते. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश फाटले असतील तर छोटी थरथरही मोठी वाटते. आणि चाक लावताना नट गनने घट्ट ठोकू देऊ नका. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) वापरा, समोरासमोरचे नट आळीपाळीने, नाहीतर डिस्क पुन्हा तिरकी बसते. मी हे सगळ्यात कळकळीने सांगतोय, कारण पंक्चर काढून आलेल्या गाड्यांमध्ये हाच घोळ बघतो.

नवे पॅड टाकल्यावर ते डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा. मध्ये थोडं चालवून गार होऊ द्या. खंडाळ्याचा घाट उतरताना खालच्या गिअरवर या, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. खाली लाल तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर एका जागी डिस्कला चिकटतो आणि त्यानेही हीच थरथर येते.

गाडी एका बाजूला ओढत असेल, चाकातून जळका वास येत असेल किंवा पेडल खोल जात असेल तर तपासल्याशिवाय घाटात नेऊ नका. नाहीतर डायलचं रीडिंग आणि आठ ठिकाणची जाडी इथे लिहा, सोबत गाडीचं मॉडेल आणि किलोमीटर. फेसिंगवर भागेल की डिस्क बदलावी लागेल ते मी बघून सांगतो.