बोबडे, टकले आणि रोमन सेनापती

प्रश्न : परग्रहावरच्या एका साम्राज्यावर वेबमालिका लिहितो आहे. पात्रांची नावं प्राचीन रोमवरून घेतली आहेत. सेनापती मार्कस ज्युलियस ब्रूटस, त्याच्या मुली ड्रुसिला आणि फ्लाविया, आणि त्याने मुक्त केलेला गुलाम टायरो. कानाला बरी वाटतात, पण जाणकार हसतील का?

उत्तर : सेनापतीच्या नावावर थोडे हसतील, फ्लावियाच्या नावावर जास्त.

रोमन पुरुषाचं नाव साधारण तीन भागांचं, आणि मराठी लेखक इथेच फसतो. मार्कस टुलियस सिसेरो (रोमचा प्रसिद्ध वक्ता) हे आपण सवयीने नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं वाचतो. पण टुलियस हे कुळाचं नाव आहे. मार्कस हे व्यक्तिनाव, आणि सिसेरो हे कुळातल्या शाखेचं उपनाम. वडिलांचं नाव शिलालेखात वेगळं, संक्षेपाने दाखवत. रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळावर आजही ‘एम. अग्रिप्पा एल. एफ.’ अशी अक्षरं दिसतात. म्हणजे मार्कस अग्रिप्पा, लुशियसचा मुलगा.

नाव रचताना सुरुवात मधल्या भागापासून करा, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ब्रूटस ही ज्युनियस कुळाची शाखा, ज्युलियसची नव्हे. एका अक्षराने तुमचा सेनापती सीझरच्या घरात जाऊन बसला आहे. ‘मार्कस ज्युनियस ब्रूटस’ करावं, तर तो थेट सीझरचा मारेकरी होतो. म्हणून प्रसिद्ध कुळनाव आणि प्रसिद्ध उपनाम एकत्र आणू नका. दोन्हींपैकी एक अनोळखी ठेवा.

व्यक्तिनावात कल्पनाशक्तीला वाव नाही. प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या रोमच्या, उत्तरकाळात जेमतेम दीड डझन नावं सर्रास चालत : गायस, लुशियस, मार्कस, पब्लियस, क्विंटस, टायटस वगैरे. त्यातही घराण्यांची विटाळलेली नावं असत. क्लॉडियस घराण्याने लुशियस हे नाव वर्ज्य केलं होतं. मार्क अँटनीच्या पाडावानंतर त्याच्या कुळात कुणाचं नाव मार्कस ठेवू नये, असा ठराव झाला. बंडखोर बापाच्या मुलाला नेमकं तेच नाव आईने हट्टाने ठेवलं, तर अख्खा एक भाग तिथेच सुटतो.

खरी मजा उपनामात आहे. बाल्बस म्हणजे तोतरा, काल्वस म्हणजे टक्कल पडलेला, नायजर म्हणजे काळा, स्ट्रेबो म्हणजे तिरळा. बोबडे, टकले, काळे ही आडनावं असलेल्या मुलखात हे समजावून सांगायला नको. सिसेरोच्या मुळाशी हरभरा आहे; पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती, असं प्राचीन चरित्रकार प्लूटार्क सांगतो. मात्र हे व्यंग पूर्वजाचं असतं, पात्राचं असायलाच हवं असं नाही. दाट केसांचा काल्वस चालतो, किंबहुना जास्त शोभतो. आणि गरीब किंवा जुन्या काळातल्या पात्राला उपनाम नसलं तरी बिघडत नाही. गायस मारियस सात वेळा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झाला, तो उपनामाशिवायच.

आता मुली. प्रजासत्ताकाच्या काळात मुलीला वडिलांच्या कुळनावाचं स्त्रीरूप मिळे, एवढंच. टुलियसची टुलिया, कॉर्नेलियसची कॉर्नेलिया. दोन मुली असल्या तर थोरली आणि धाकटी, तिसरी असली तर टर्शिया, म्हणजे तिसरी. फ्लाविया ही फ्लावियस कुळातली, त्यामुळे तुमच्या सेनापतीच्या घरात ती परकी वाटते. ड्रुसिला साम्राज्यकाळात खपून जाते, कारण तेव्हा बायकांनाही दुसरं नाव येऊ लागलं होतं. सम्राट कॅलिगुलाची बहीण ज्युलिया ड्रुसिला होती. ‘रोम’ (2005) या मालिकेत लुशियस व्होरेनसच्या दोन्ही मुली व्होरेनाच आहेत, थोरली आणि धाकटी. इथे लेखक नियमाला धरून आहेत. त्याच मालिकेत ऑक्टेव्हियनच्या (पुढचा सम्राट ऑगस्टस) आईला ‘ज्युलियस कुळातली अटिया’ म्हटलंय, ते मात्र चूक. तिचे वडील मार्कस अटियस बाल्बस. ज्युलिया तिची आई होती.

टायरो बरोबर आहे, पण अर्धाच. मुक्त झालेला गुलाम धन्याचं व्यक्तिनाव आणि कुळनाव घेई, गुलामपणीचं नाव शेवटी जाई. सिसेरोचा टायरो असाच मार्कस टुलियस टायरो झाला. तुमच्या टायरोने भर दरबारात सेनापतीचीच पहिली दोन नावं स्वतःची म्हणून उच्चारली, तर वेगळा संवाद लिहावा लागणार नाही.

एक युक्ती व्होरेनसकडूनच घ्या. तो आणि पुलो हे दोघेही सीझरच्या गॉल युद्धाच्या वृत्तान्तात पाचव्या खंडात भेटतात, तेही जेमतेम एका परिच्छेदात : बढतीवरून भांडणारे दोन सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचे नायक. नाव खरं, आणि चरित्र जवळजवळ कोरं. अशी नावं शोधावीत. नेरो घेतलात की पहिल्या दृश्यापासून त्याच्या हातात फिडल दिसतं, आणि ते वाद्य त्या काळी नव्हतंच.

प्रश्न : ‘ब्रूटस’चं हाक मारताना ‘ब्रूटे’ कसं होतं? मराठी संवादात काय लिहू?

उत्तर : लॅटिनमध्ये आपल्यासारखंच संबोधन आहे. केशवचं केशवा होतं, तसं -अस् चं -ए होतं. -इयस असेल तर -ई. सिनेटमध्ये सिसेरोला मत विचारताना ‘डिक, मार्के टुल्ली’ म्हणत. डिक म्हणजे बोल. सीझर, सिसेरो, अग्रिप्पा ही नावं हाक मारतानाही तशीच राहतात. मराठी संवादात मूळ रूपच ठेवा, ‘ब्रूटस, थांब’. ‘ब्रूटेला सांगा’ असं लिहिलंत तर एकाच शब्दावर दोन भाषांच्या विभक्ती चढतात. उच्चारांचंही एकच काहीतरी ठरवा. प्राचीन उच्चार काइसर आणि किकेरो असे आहेत. एक पात्र सीझर आणि दुसरं किकेरो, असं नको.

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ मालिकेतला कप्तान जेम्स टी. कर्क याच्या नावातला ‘टी’ रोमन आहे म्हणतात, खरं का?

उत्तर : खरं. 1966 सालच्या एका भागात त्याच्या थडग्यावर ‘जेम्स आर. कर्क’ असं कोरलेलं दिसतं. पुढे ‘टी’ रूढ झाला, आणि त्याचा विस्तार ‘टिबेरियस’ असा 1974 मध्ये मालिकेच्या कार्टून अवतारात आला. फक्त टिबेरियस हे रोममध्ये पहिलं नाव, मधलं नव्हे. शिवाय त्याची खूण ‘टीआय.’ अशी दोन अक्षरी होती. नुसता ‘टी.’ कुणाही रोमनाने टायटस असाच वाचला असता.